घरी कुणी नसतं, ते कधी?

थोरली उद्योजकता शिकत होती, आणि जसजशी शिकत होती तसतशी जास्तच गोंधळत होती. व्यवस्थापनाच्या त्या मोठ्या कॉलेजात पहिलं वर्ष तिनं नीट काढलं. तिथे प्रश्नाला उत्तर असायचं आणि उत्तराला मार्क असायचे. दुसऱ्या वर्षी तिनं हौसेनं ‘नवा उद्योग उभारणी’ हा विषय घेतला आणि विकतचं दुखणं घरी आणलं. या विषयात कुणालाच काही माहीत नसतं, आणि ते माहीत नसणं हाच म्हणे अभ्यास.

शिकवणाऱ्या मॅडमना मुलं चिठ्ठीबाई म्हणत. त्यांच्या पर्समध्ये एक वेळ रुमाल नसेल, पण चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे असायचेच. वर्गाच्या भिंतीवर नऊ चौकोनांचा भलामोठा कागद होता. ग्राहक कोण, त्याची अडचण काय, आपण त्याच्यापर्यंत पोचणार कसे, असं एकेका चौकोनात लिहायचं. सोमवारी लावलेली चिठ्ठी गुरुवारी बाई स्वतःच उपटून काढत आणि म्हणत, “छान. आता आपल्याला आधीपेक्षा कमी माहीत आहे.” मुलं माना डोलवत. थोरलीही डोलवायची. घरी जाताना मात्र तिला वाटायचं, कमीच माहीत करून घ्यायचं होतं तर त्यासाठी प्रवेशपरीक्षा कशाला घेतली?

एक गोष्ट मात्र तिला मनापासून पटली होती. पहिल्याच तासाला चिठ्ठीबाई म्हणाल्या होत्या, “माणसाला उद्याचं विचारू नका. उद्याबद्दल भली माणसंसुद्धा खोटं बोलतात, तुमचं मन राखायला बोलतात. कालचं विचारा. शेवटचं असं कधी झालं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत, बस.” थोरलीनं ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. रेघा ओढल्या की शिकून झालं, अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते.

आता घरची गोष्ट. थोरलीचे वडील किल्लीवाले. घरचे आणि बाजारातले सगळे त्यांना आप्पाच म्हणत. बाजाराच्या कोपऱ्यावर, औषधांचं दुकान आणि चष्म्यांचं दुकान यांच्या बेचक्यात त्यांची जागा होती. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेरूनच बोलावं, एवढीशी. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, किल्लीवरून किल्ली कापायचं एक यंत्र, चार कानशी आणि एक स्टूल. एकतीस वर्षं आप्पा त्या स्टुलावर बसत होते. जागेचा करार आता संपत आला होता. मालकानं निरोप धाडला होता, पुढची पाच वर्षं राहणार की जागा सोडणार ते महिनाअखेरपर्यंत सांगा.

आई म्हणत होती, सोडा. आप्पांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजायचा आणि संध्याकाळी शर्टाची बटणं काढायला त्यांना आईला हाक मारावी लागायची. धाकटा दूरच्या शहरात नोकरीला होता. फोनवर तोही म्हणाला, सोडा. राहता राहिली थोरली. एकदा जेवताना आप्पा तिला म्हणाले, “तू त्यातलंच शिकतेयस. तू सांगशील तसं करू.”

एवढ्या साध्या वाक्याचा अर्थ लावायला काय लागतं? पण थोरलीनं तो लावला आणि साफ चुकीचा लावला. तिला वाटलं, आप्पा विचारतायत, दुकान तू पुढे चालवशील का. दोन मुलं, त्यातला धाकटा उडून गेलेला, म्हणजे आता आपल्या गळ्यात.

मग तिनं आप्पांना खणायला सुरुवात केली.

“आप्पा, मी दुकान घेतलं तर तुम्हाला आवडेल?”

“तुझं तू बघ.”

“आणि नाही घेतलं तर वाईट वाटेल?”

“वाईट कशाला वाटेल?”

“म्हणजे घेऊ नको म्हणता?”

“मी कुठे तसं म्हणालो?”

असं आठवडाभर चाललं. कधी सकाळी उठल्यावर तिला वाटे, घ्यावं, मोठं करावं, चार ठिकाणी शाखा काढाव्यात. आंघोळ होईपर्यंत वाटे, छे, आपण काय आयुष्यभर लोखंडाचा कीस झटकत बसणार? आणि लगेच स्वतःची लाज वाटे, कारण त्याच किसावर ती शिकली होती. वर्गात मन एक सांगे, घरी दुसरं, आणि बसमध्ये तिसरंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी बापाचं मन शोधायला ती वर्गातल्या नऊ चौकोनांत हिंडत होती.

शेवटी तिनं ठरवलं, दुकानच आपला प्रकल्प करायचा. अभ्यासही होईल आणि उत्तरही मिळेल. तिच्या गटात दोघे होते. एकाला सगळे टायवाला म्हणत, कारण तो कॅन्टीनमध्येही टाय लावून यायचा. दुसरी तक्ता. तिला कुठलीही गोष्ट रकान्यांत भरल्याशिवाय कळत नसे, मैत्रीसुद्धा. दोघांना कल्पना जाम आवडली. किल्ली हरवली की फोनवर बोट दाबा, पंधरा मिनिटांत किल्लीवाला दारात.

“आधी पन्नास माणसांशी बोलून या,” चिठ्ठीबाई म्हणाल्या. “दहा दिवसांत. कल्पना सांगायची नाही, फक्त ऐकायचं.”

प्रश्न काढायचं काम थोरलीकडे आलं, कारण धंदा तिच्या घरचा. वाचनालयाच्या टेबलावर बसून तिनं ते तासाभरात काढले. घराच्या किती किल्ल्या आहेत? जास्तीची कुठे किंवा कुणाकडे ठेवता? शेवटचे बाहेर कधी अडकलात? तेव्हा काय केलंत? आणि पाचवा, घरी कुणी नसतं, ते कधी? मागणी दिवसाच्या कुठल्या वेळी असेल ते त्यावरून कळणार होतं. तक्तानं वर नाव आणि पत्ता असे दोन रकाने जोडले, कुठल्या भागातून मागणी आहे हे समजायला. बाईंचा नियम तंतोतंत पाळला होता. उद्याचं एकही नव्हतं, सगळं घडून गेलेलं नाहीतर रोज घडणारं.

इथे मला एक सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीला कुणी शिकवलंच नव्हतं. आप्पांच्या दुकानात दोन नियम होते. नकलेवरून नक्कल करायची नाही, मूळ किल्ली आणा. आणि गिऱ्हाइकाला दार कुठलं ते विचारायचं नाही. गिऱ्हाईक आपणहून सांगू लागलं, की ही आमच्या मागच्या दाराची, तर आप्पा हात वर करून थांबवायचे आणि चक्क तोंड फिरवायचे. ज्याला किल्ली करता येते त्याला दार माहीत असू नये, एवढा साधा हिशेब. थोरलीला हा नियम मुळाक्षरांच्या आधी पाठ होता. पण पाठ असलेली गोष्ट वाचनालयाच्या टेबलावर आठवेलच असं नाही. तिथे पाचवा प्रश्न तिला फक्त पाचवा प्रश्न वाटला, आणि चांगला वाटला.

टायवाला आणि तक्ता तीन दिवस दुकानाबाहेर उभे राहिले. थोरली मुद्दाम गेली नाही. तिला पाहून लोक गोड गोड बोलतील, मग उत्तरं खरी यायची नाहीत, हेही बाईंनीच शिकवलं होतं. पन्नासांतली सत्तेचाळीस माणसं बोलली. आप्पांच्या दारात उभं राहून टाय लावलेला मुलगा आदबीनं विचारतोय म्हटल्यावर लोकांनी भडाभडा सांगितलं. जास्तीची किल्ली चपलांच्या कपाटात. कुंडीखाली. शेजारच्या आजींकडे. घरी कुणी नसतं ते सकाळी नऊ ते पाच, शनिवारी दिवसभर.

पुढच्या सोमवारी थोरलीनं वर्गात हे सगळं मांडलं. तक्ताचे रंगीत आलेख पडद्यावर झळकले. चिठ्ठीबाईंनी पहिल्यांदाच एकही चिठ्ठी काढली नाही. “ही खरी माणसं आहेत,” त्या म्हणाल्या. “लोकांनी तुमच्यावर विश्वास टाकलाय.” वर्गानं टाळ्या वाजवल्या. थोरलीला वाटलं, सुटलो एकदाचे. दुकानाला मागणी आहे, दुकान मोठं होईल, आता आप्पांना ठामपणे काहीतरी सांगता येईल. ती तशीच बस पकडून दुकानाकडे निघाली.

चार वाजले होते. एरवी या वेळी दुकानापुढे तीन-चार माणसं तरी असायची. आज एकच बाई उभ्या होत्या, शाळेतल्या बाई, ज्यांच्या घरच्या किल्ल्या आप्पा वीस वर्षं करत आले होते. थोरली त्यांच्या मागे जाऊन थांबली.

“आप्पा, तुमच्यावर माझा काडीचा संशय नाही,” शाळेतल्या बाई म्हणत होत्या. “पण तुमच्या दारात ती मुलं विचारत होती, जास्तीची किल्ली कुठे असते, घरी कुणी नसतं ते कधी. मी सांगितलं हो सगळं. तुमचं दुकान म्हणून सांगितलं. घरी गेले आणि माझे हातपाय गार पडले. दुसऱ्या दिवशी कुलूप बदलून घेतलं. दुसरीकडून. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा म्हटलं आपणच सांगावं.”

“बरं केलंत,” आप्पा म्हणाले.

“आमच्या बिल्डिंगमध्ये पाच जणांनी बदलली. कुणीतरी पोलिसांत पण सांगितलंय म्हणे.”

“येऊन गेले सकाळी. चांगले होते बिचारे. कॉलेजची मुलं आहेत म्हटल्यावर गेले.”

शाळेतल्या बाई वळल्या, थोरलीला पाहून अडखळल्या आणि पर्स सावरत निघून गेल्या. थोरली दारातच उभी राहिली. ज्या कागदासाठी तासाभरापूर्वी टाळ्या पडल्या होत्या, तोच तिच्या पिशवीत होता. शहाणपणा केला की घात, तेच तिला कळेना. वर्गातलं खरं धरावं तर हे काय, आणि हे खरं धरावं तर ते काय होतं?

आप्पांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः यंत्राला टेकून उभे राहिले.

“प्रश्न कुणी काढले होते?”

“मी.”

“पाचवा पण?”

“पाचवा पण.” तिचा आवाज चिरकला. “तुम्हाला कसं माहीत?”

“तीन दिवस आतून ऐकत होतो की.”

“मग थांबवलं का नाही, आप्पा? तुमचाच नियम ना?”

आप्पांनी कानशीवरचा कीस अंगठ्यानं पुसला. “मला वाटलं, मोठ्या कॉलेजात असंच करत असतील. म्हटलं, आपल्याला काय कळतंय, तिला माहीत असेल.”

यापेक्षा त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर थोरलीला बरं वाटलं असतं. ती रडली. स्टुलावर बसून, पदव्या आणि टाळ्या विसरून, लहान पोरीसारखी रडली. आप्पांनी रडू दिलं. गिऱ्हाईक येण्याची भीती नव्हतीच.

रडून झाल्यावर ती काहीतरी विचारायला गेली. तोंडाशी तेच आलं होतं, आप्पा, आता तुम्ही काय कराल? आणि तिथे तिला त्या दोन रेघा आठवल्या. अख्ख्या गावाला तिनं कालचं विचारलं होतं. बापाला मात्र उद्याचंच विचारत होती.

“आप्पा, दुकान बंद करावंसं तुम्हाला शेवटचं कधी वाटलं?”

“आज सकाळी. पोलीस गेल्यावर.”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी नाही वाटलं.”

“अंगठा सुजतो तेव्हासुद्धा?”

“तेव्हा अंगठा कापून टाकावासा वाटतो. दुकानाचं काय त्यात?”

पुढचं विचारायला थोरलीला धीर गोळा करावा लागला. “आणि हे दुकान मी घ्यावं, असं शेवटचं कधी वाटलं?”

“तू?” आप्पांना खरंच आश्चर्य वाटलं. “तू कशाला घेशील? तुला धड कानस धरता येत नाही.”

“मग त्या दिवशी म्हणालात ते? तू सांगशील तसं करू?”

“अगं, तुझी आई म्हणते सोडा, धाकटा म्हणतो सोडा. दोघांपुढे माझं काय चालणार? म्हटलं, तू शिकलेली आहेस. तू जर म्हणालीस की चालू ठेवा, तर ऐकतील तुझं. मला अजून पाच वर्षं बसायचं होतं, बस.”

एवढंच होतं ते. त्यांना वारस नको होता, शाखा नको होत्या, पंधरा मिनिटांत दारात जायचं नव्हतं. त्यांना मुलीचं एक मत हवं होतं, आणि मुलगी त्या मताच्या शोधात सत्तेचाळीस घरांच्या कुंड्या उचकत बसली होती. आता त्यांच्या बाजूनं मत द्यावं, तर चालवायला दुकानच उरलेलं नव्हतं. थोरलीला स्वतःची चीड आली.

दुसऱ्या दिवशी तिनं तक्ताकडून सत्तेचाळीस फॉर्म मागून घेतले आणि संगणकातलं सगळं पुसायला सांगितलं.

“वेडी आहेस का?” तक्ता म्हणाली. “हाच तर आपला अख्खा प्रकल्प आहे.”

“म्हणूनच पूस.”

टायवाल्यानं टाय सैल केला, पहिल्यांदाच. “मार्कांचं काय?” त्यानं विचारलं. थोरलीनं जाऊन चिठ्ठीबाईंना घडलेलं सांगितलं. सगळं सांगितलं, पोलिसांसकट. चिठ्ठीबाई त्या नऊ चौकोनांकडे वळल्या. कुठली चिठ्ठी काढावी ते बहुतेक त्यांनाही कळलं नाही. “पाचवा प्रश्न मीही वाचला होता,” त्या म्हणाल्या. “मलाही चांगला वाटला होता.” मार्कांचं थोरलीनं विचारलं नाही.

मग ती दारोदार फिरली. हा ज्याचा त्याचा फॉर्म, संगणकातलं पुसलंय, तुम्ही स्वतःच्या हातानं फाडा, प्रश्न मी काढले होते, आप्पांचा यात काही हात नव्हता. कुणी दार अर्धवटच उघडलं. कुणी फॉर्म घेऊन कडी लावली. एका आजोबांनी चहा दिला आणि किल्ली कुंडीखालून हलवून आता कुठे ठेवलीय तेही सांगू लागले. थोरलीनं हात वर करून तोंड फिरवलं. शाळेतल्या बाईंनी फॉर्म वाचला, ‘चपलांचं कपाट’ या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हे सगळं ठीक आहे गं. पण कुलूप मी आता बदललंय.”

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. गेल्या आठवड्यात दुकानात अकरा माणसं आली होती, त्यातले चार पत्ता विचारायला. मालकाचा कागद यंत्रावर ठेवलेला होता आणि वर वजन म्हणून एक जुनं कुलूप. आई सकाळीच म्हणाली होती, आता तरी पुरे करा. आप्पांनी स्टुलावर बसून थोरलीला तेच पुन्हा विचारलं.

“मग, काय सांगतेस?”

थोरलीनं आठवडाभर स्वतःशी घोळलेलं सगळं आठवून पाहिलं. शिकलेलं सगळं म्हणत होतं, सोडा. आप्पांकडे पाहिलं की वाटत होतं, ठेवा. “मला माहीत नाही, आप्पा,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही. लोक परत येतील असं सांगितलं तर ते खोटं होईल. तुम्हाला बसायचंय हे मात्र मला माहीत आहे. आईला ते मी सांगते, धाकट्यालाही सांगते.”

आप्पा काही बोलणार तेवढ्यात दारात सावली आली. शाळेतल्या बाई होत्या. त्यांनी पर्समधून नवीकोरी किल्ली काढून यंत्राशेजारी ठेवली.

“नव्या कुलपाची आहे. मूळच आणलीय, तुमचा नियम माहीत आहे मला. एक जास्तीची करून द्या. ही आमच्या पुढच्या—”

आप्पांनी हात वर केला आणि तोंड फिरवलं. स्टुलाच्या मागे उभ्या थोरलीनंही फिरवलं. बापलेक दोघं भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्यांकडे बघत राहिले, आणि शाळेतल्या बाई वाक्य अर्धवट ठेवून हसल्या.

किल्ली कापून झाली, घासून झाली. बाई गेल्या. आप्पांनी कागदावरचं कुलूप उचललं, दुखरा अंगठा पेनाभोवती कसाबसा बसवला आणि तीन ठिकाणी सही केली.

“पाच वर्षं,” ते म्हणाले. “येतील ना गं लोक?”

“उद्याचं विचारू नका, आप्पा,” थोरली म्हणाली. मग तिनं फडकं घेतलं आणि यंत्रावरचा कीस पुसायला लागली.